राज्याचा वकील की सरकारचा?

झाशीला येणारा पाहुणा किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो, गणेश मंदिरात डोके टेकवतो आणि झाशी न देण्याविषयीचे राणी लक्ष्मीबाईंचे सुप्रसिद्ध उद्गार मनात घोळवत परततो. हे उद्गार निघाले ते रणांगणावर नव्हे, वकिलाच्या सल्ल्याला अशिलाने दिलेले उत्तर म्हणून, ही गोष्ट मात्र इथले वाटाडेही क्वचितच सांगतात. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. दत्तकविधान आदल्याच दिवशी झाले होते. २७ फेब्रुवारी १८५४ रोजी लॉर्ड डलहौसीने दत्तक अमान्य करून संस्थान खालसा करण्याचा निर्णय लिहिला. त्यानंतर राणीने जॉन लँग या वकिलाला बोलावून घेतले. लँग मूळचा ऑस्ट्रेलियातला, ‘मफस्सिलाइट’ या वृत्तपत्राचा संपादक, आणि १८५१ मध्ये आग्र्याला लाला ज्योतीप्रसाद या लष्करी रसद पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या वतीने उभा राहून कंपनी सरकारला न्यायालयात नमवलेला. सोनेरी कागदावर फारसीत लिहिलेले राणीचे पत्र त्याला आग्र्यास पोहोचले आणि तो झाशीला आला.

पडद्याआडून बोलणाऱ्या राणीला लँगने जे सांगितले ते तिला ऐकायचे नव्हते. विलायतेला विचारल्याविना एकट्या गव्हर्नर जनरलला राज्य परत देता येणार नाही. तेव्हा वरती दाद मागावी आणि तोवर देऊ केलेला तनखा निषेध नोंदवून स्वीकारावा, असा त्याचा सल्ला होता. राणीने तो तिथल्या तिथे फेटाळला आणि तेव्हाच ते उद्गार निघाले. लँगने आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. राणीच्या खलित्यांत कायद्याचा मुद्दा भक्कम होता. १८१७ च्या तहातील वारसाविषयीची शब्दयोजना त्यात होती, शेजारच्या ओरछा आणि दतिया संस्थानांतील दत्तकांचे दाखले होते. उपयोग झाला नाही. प्रतिपक्ष कंपनी, निर्णय देणारी कंपनी आणि अपील ऐकणारे संचालक मंडळही कंपनीचेच.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणि पुढे सरकारी नोकरीत फायली उपसलेला माणूस म्हणून मला या भेटीतला लँग फार महत्त्वाचा वाटतो. पराभूत पक्षाजवळ नको ते ऐकवणारा वकील होता. सत्ताधारी पक्षाजवळ तसा कुणी होता की नाही, आणि असता तर डलहौसीने त्याचे ऐकले असते की नाही, हा विचार मनात येतोच. स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनी प्रत्येक राज्य सरकारच्या घरात असा एक माणूस बसवून ठेवला आहे. त्याला महाधिवक्ता म्हणतात. गेल्या काही दशकांत या माणसाचे काय झाले, हा आजचा विषय आहे.

घटनेचा अनुच्छेद १६५ वाचायला दोन मिनिटे पुरतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची राज्यपाल महाधिवक्ता म्हणून नेमणूक करतात. त्याने राज्य शासनाला कायदेशीर बाबींत सल्ला द्यावा. राज्यपालांची मर्जी असेतोवर त्याने पदावर राहावे. अनुच्छेद १७७ त्याला विधिमंडळाच्या सभागृहात जाऊन बोलण्याचा हक्क देतो, मताचा देत नाही. १९३५ च्या कायद्याने प्रत्येक प्रांताला असा अधिकारी दिला होताच, घटनेने तो पुढे चालवला. पण एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. १९४८ च्या मसुद्यात मुख्यमंत्र्याच्या राजीनाम्याबरोबर महाधिवक्त्यानेही पायउतार व्हावे, अशी तरतूद होती. अंतिम घटनेत ती राहिली नाही. म्हणजे कागदावर तरी हा माणूस मुख्यमंत्र्याच्या खुर्चीला बांधलेला नाही. राज्यपालांची मर्जी म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाचीच मर्जी, हे खरे. तरीही गाळलेल्या त्या वाक्याला काही अर्थ होता असे मी मानतो.

या पदावरून पहिल्या काही वादांपैकी एक मराठी मुलखातच झाला. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तिथे टी. एल. शेवडे यांना महाधिवक्ता नेमले गेले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होत. मग न्यायाधीशाच्या पात्रतेचा माणूस हवा या अटीत ते बसतात कसे, असा प्रश्न विचारणारी याचिका नागपूर उच्च न्यायालयात आली. १९५२ मध्ये न्यायालयाने सांगितले की, पात्रता निराळी आणि निवृत्तीचे वय निराळे, नेमणूक वैध. निकाल शेवड्यांच्या बाजूने लागला, परंतु या नेमणुकीची वैधता न्यायालय तपासू शकते, हेही त्यातून दिसून आले. त्या काळी आक्षेप होता तो वयावर. अमुक माणूस कुठल्या पक्षाचा, हा प्रश्न तेव्हा न्यायालयाच्या दारापर्यंत आला नव्हता.

मुंबईची परंपरा महाराष्ट्रातील वाचकांना सांगायला नको. मोतीलाल सेटलवाड १९३७ ते १९४२ मुंबई प्रांताचे महाधिवक्ता होते आणि पुढे भारताचे पहिले महान्यायवादी झाले. चंद्रकिसन दफ्तरी त्याच वाटेने दिल्लीला गेले. होरमसजी सीरवाई १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे या पदावर राहिले. महान्यायवादीपद देऊ केले गेले तेव्हा त्यांनी ते नाकारले. १९६४ मध्ये उत्तर प्रदेशची विधानसभा आणि अलाहाबाद उच्च न्यायालय यांच्यात विशेषाधिकारावरून जुंपली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा विधानसभेची बाजू मांडायला महाराष्ट्राच्या महाधिवक्त्यालाच पाचारण केले गेले, आणि समोर न्यायाधीशांच्या बाजूने होते सेटलवाड. आमच्या प्रांताच्या भांडणात दोन्हीकडून मुंबईकर! पदाची उंची त्यावरून कळावी.

त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. सतरा वर्षांत मुख्यमंत्री बदलले तरी पक्ष एकच होता. वकील बदलण्याचे कारणच उद्भवले नाही. आणि सरकारच्या अवघड आदेशांचा भार तेव्हाही महाधिवक्त्याच्याच खांद्यावर येई. मार्च १९६० मध्ये नानावटी खटल्यात उच्च न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच दिवशी राज्यपालांनी ती स्थगित केली. त्या आदेशाचा बचाव सीरवाईंना करावा लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्या स्थगितीला मर्यादा घातली. सरकारचा बचाव करणे हे या पदाचे काम तेव्हाही होते. फरक इतकाच की, त्या माणसाने सरकारला आत काय सांगितले असेल याबद्दल लोकांच्या मनात एक विश्वास असे.

आज तो विश्वास कुठे आहे ते पाहायचे तर पंजाबकडे पाहावे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅप्टन अमरिंदर सिंग गेले, त्यांच्यामागोमाग अतुल नंदा गेले. चरणजित सिंग चन्नी यांनी ए. पी. एस. देओल यांना नेमले. देओल पूर्वी माजी पोलीस महासंचालकांचे वकील होते, म्हणून सत्ताधारी पक्षाच्याच प्रदेशाध्यक्षांनी, नवज्योत सिंग सिद्धू यांनी, त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा स्वीकारला. त्यानंतर पटवालिया, मग सत्तांतर होऊन अनमोल रतन सिद्धू, मग विनोद घई, गुरमिंदर सिंग आणि मार्च २०२५ पासून मनिंदरजित सिंग बेदी. साडेतीन वर्षांत या खुर्चीने सात माणसे पाहिली. पश्चिम बंगालमध्ये तर मुख्यमंत्री न बदलताही पाच जणांनी हे पद सांभाळले, त्यांतील किशोर दत्त यांनी दोनदा. जमिनीचा एखादा दिवाणी दावा सुद्धा यापेक्षा जास्त काळ एकाच वकिलाकडे राहतो.

महाराष्ट्रातील श्रीहरी अणे यांचे प्रकरण निराळ्या जातीचे आहे आणि म्हणून अधिक विचार करायला लावते. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते महाधिवक्ता झाले. स्वतंत्र विदर्भाचा त्यांचा आग्रह जुना होता, नेमणाऱ्यांना तो ठाऊक होता. मार्च २०१६ मध्ये जालन्याच्या कार्यक्रमात त्यांनी मराठवाड्यावरील अन्यायाचा उल्लेख करून स्वतंत्र मराठवाड्याची भाषा केली. अधिवेशन चालू होते. दोन्ही सभागृहांत गदारोळ झाला. सत्तेतील सहकारी पक्षही विरोधकांच्या सुरात सूर मिसळून होता. २२ मार्चला त्यांनी राज्यपालांकडे राजीनामा दिला. त्यांच्या मताशी मी सहमत नाही. राज्याचा वकील राज्याच्या अखंडतेविषयी जाहीर सभेत असे बोलू लागला तर त्या राज्याच्या सीमेचा खटला तो कोणत्या तोंडाने लढवणार, हा प्रश्न रास्त होता. पण एक गोष्ट खटकते. त्या साऱ्या गदारोळात त्यांनी सरकारला दिलेल्या एकाही कायदेशीर सल्ल्याची चर्चा झाली नाही. ज्या कामासाठी नेमले ते काम चांगले की वाईट, हे कुणी विचारले नाही. महाधिवक्ता सभागृहात विषय झाला तो राजकीय व्यक्ती म्हणून.

उलट उदाहरणही महाराष्ट्राचेच. आशुतोष कुंभकोणी जून २०१७ मध्ये फडणवीस सरकारच्या काळात नेमले गेले, २०१९ च्या सत्तांतरानंतर ठाकरे सरकारनेही त्यांनाच ठेवले आणि २०२२ च्या सत्तांतरानंतरही डिसेंबरपर्यंत ते होते. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या सरकारांना एकच वकील चालला. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही.

मी सीमेच्या खटल्याचा उल्लेख केला तो सहज नव्हे. बेळगाव, कारवार, निपाणीसह मराठी भाषक प्रदेशासाठी महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ खाली २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेव्हापासून मुंबईत आठ-नऊ महाधिवक्ते झाले. दावा मात्र उभाच आहे. हा दावा कोणत्याही एका सरकारचा नाही. कुठलाही पक्ष सत्तेवर आला तरी त्याला तो चालवावा लागतो. अशा कामाला स्मरणशक्ती असलेला वकील लागतो, जुन्या नोंदी कुठल्या कपाटात आहेत आणि मागच्या खेपेला आपण न्यायालयात काय कबूल केले हे ज्याला ठाऊक आहे असा. दर सत्तांतराला वकील बदलला की ही स्मरणशक्ती पुसली जाते, आणि तिची किंमत मंत्रालयात बसलेल्यांना नव्हे, बेळगावात बसलेल्यांना मोजावी लागते.

अनुच्छेद १३१ चा वापर अलीकडे निराळ्या कारणाने वाढला आहे. जानेवारी २०२० मध्ये केरळने नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध आणि छत्तीसगडने राष्ट्रीय तपास संस्थेच्या कायद्याविरुद्ध केंद्रावर दावे लावले. २०२१ मध्ये पश्चिम बंगालने सीबीआयच्या तपासावरून तोच मार्ग धरला. २०२३ मध्ये केरळ कर्जमर्यादेवरून पुन्हा गेले. या दाव्यांत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. कर्जमर्यादेचा प्रश्न तर घटनापीठाकडे सोपवण्याइतका गंभीर ठरला. संघराज्यात राज्याने केंद्राला न्यायालयात खेचणे हे बंड नव्हे, घटनेनेच आखून दिलेली ती वाट आहे. पण निवडणुकीच्या सभेत जे म्हणायचे तेच दाव्याच्या अर्जात लिहायचे, अशी पद्धत पडू लागली की दाव्याचा मसुदा कायद्याच्या कसोटीवर उतरेल का, हे विचारणारा माणूस अडचणीचा वाटू लागतो.

ही वाट पुढे कुठे जाते हे अमेरिकेत दिसते. तिथे पन्नासपैकी ४३ राज्यांत हे पद थेट मतदानाने भरले जाते. १९९८ मध्ये ४६ राज्यांच्या ‘अॅटर्नी जनरल’ मंडळींनी तंबाखू कंपन्यांशी समझोता करून पंचवीस वर्षांत २०६ अब्ज डॉलर देण्यास त्यांना भाग पाडले. लोकहिताचे ते मोठे काम होते. पण त्या यशातून हत्याराची चव लागली. लगेच पुढच्या वर्षी रिपब्लिकन अॅटर्नी जनरलांची स्वतंत्र संघटना निघाली, मग डेमोक्रॅटिकांची. तेव्हापासून अध्यक्ष एका पक्षाचा असला की दुसऱ्या पक्षाची राज्ये त्याच्या प्रत्येक मोठ्या आदेशाविरुद्ध न्यायालयात उभी राहतात. डिसेंबर २०२० मध्ये टेक्सासने अध्यक्षीय निवडणुकीवरून चार दुसऱ्या राज्यांवरच दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने तो दाखल करून घेतला नाही. बिल क्लिंटन आणि कमला हॅरिस यांच्या राजकीय प्रवासातले हे एक स्थानक होते, हे सांगण्याची गरज नाही. तिथला मतदार निदान उघड्या डोळ्यांनी एका राजकारण्याला वकील म्हणून निवडतो. आपण निवडणूक न घेता त्याच ठिकाणी चाललो आहोत.

आमच्या उत्तर प्रदेशाने तर हा प्रवास कधीच केला आहे. मायावतींच्या २००२ च्या सरकारात सतीशचंद्र मिश्र महाधिवक्ता होते. पुढे ते बहुजन समाज पक्षात गेले, पक्षाचे महासचिव आणि राज्यसभेचे सदस्य झाले, आणि २००७ च्या विजयामागील ब्राह्मण-दलित समीकरणाचे शिल्पकार म्हणून ओळखले गेले. मध्य प्रदेशात विवेक तन्खा महाधिवक्ता होते, पुढे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य झाले. वकिलाने राजकारणात जाऊ नये असा काही नियम नाही. तरी पुढची पायरी पक्षाकडे जाते हे दिसत असताना, आजच्या पायरीवर उभा असलेला माणूस मुख्यमंत्र्याला ‘हे कायद्यात बसत नाही’ असे किती वेळा सांगेल?

आणि प्रश्न सल्ल्यापुरता थांबत नाही. उच्च न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची याचिका खासगी नागरिकाला दाखल करायची असेल तर १९७१ च्या कायद्यानुसार महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. उद्या एखाद्या मंत्र्यानेच न्यायालयाचा अवमान केला, तर संमतीचा अर्ज त्याच मंत्रिमंडळाने नेमलेल्या माणसाच्या टेबलावर जाईल.

महाधिवक्ता शिखरावर, त्याच्या खाली जिल्ह्याजिल्ह्यांतले सरकारी वकील. वरची रीत खाली झिरपतेच. डिसेंबर १९८९ मध्ये उत्तर प्रदेशात सरकार बदलले. ६ फेब्रुवारी १९९० च्या एका परिपत्रकाने राज्यातील सर्व जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांच्या नेमणुका महिनाअखेर एकदम संपवण्यात आल्या. कुणाचे काम चांगले, कुणाचे वाईट, याची चौकशी नाही; झाशीपासून बलियापर्यंत सगळे एका फटक्यात घरी. कुमारी श्रीलेखा विद्यार्थी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हे परिपत्रक मनमानी ठरवून रद्द केले. सरकारी वकील हा केवळ सरकारने भाड्याने घेतलेला वकील नसून त्याच्या कामात लोकांचे हित गुंतलेले आहे, असा त्या निकालाचा गाभा होता. पुढच्या निकालांनी सरकारला निवडीची मोकळीक पुन्हा बरीच दिली, पण हा गाभा कुणी मोडला नाही.

मी तेव्हा एका जिल्ह्यात उपजिल्हाधिकारी होतो. भूसंपादनाचा एक निकाल आमच्याविरुद्ध गेला होता. शेतकऱ्यांना वाढीव मोबदला द्यायचा होता आणि वरिष्ठांना अपील हवे होते. जिल्हा सरकारी वकील वयस्कर गृहस्थ, पान खाणारे, अक्षर मोत्यासारखे. त्यांनी फाईलवर दोन ओळी लिहिल्या: निकाल पुराव्याला धरून आहे, अपिलात अर्थ नाही, व्याज मात्र वाढेल. वरिष्ठ रागावले. थोड्याच दिवसांत ते परिपत्रक आले आणि गृहस्थांनी काळा कोट खांद्यावर टाकून कार्यालय सोडले. नव्या वकिलाने आठवड्यात अपिलाच्या बाजूने चार पाने लिहून दिली. अपील झाले, पुष्कळ वर्षांनी फेटाळले गेले, व्याज वाढले. मोबदला घेणाऱ्यांपैकी काही जण तोवर हयात नव्हते. चार पानांच्या त्या मतावर पुढे पाठवण्याची सही माझी आहे.

निकालानंतर गृहस्थ परत आले. नेमणुकीचे फार दिवस उरले नव्हते. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे दुसऱ्या गावच्या संपादनाची फाईल पाठवली. निकाल तसाच, मोबदल्याचा प्रश्न तोच, वरिष्ठांची इच्छाही तीच. संध्याकाळी फाईल परत आली. त्याच मोत्यासारख्या अक्षरात त्याच दोन ओळी होत्या.